कंदीलवाल्याचं काय झालं

दौंडच्या आसपास रुळावर कुठं माणूस कटला, की चांगदेव ओहोळ हातातलं काम टाकून तिकडं चालत सुटायचे. ते रेल्वेच्या, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्येच होते, त्यामुळं अशी बातमी त्यांच्या कानावर सगळ्यात आधी यायची. तिथं पोचले की चादरीचं टोक उचलून बघायचे आणि परत फिरायचे. घरी आल्यावर त्यांची बायको रंभाबाई काही विचारायची नाही. नवऱ्यानं आंघोळीला पाणी काढायला सांगितलं, की तिला कळायचं, आपला नव्हता.

त्यांचा सम्राट नाहीसा झाला होता. दोन हजार आठ सालचा पावसाळा नुकताच ओसरत होता. आयटीआय केलेला पोरगा, रांजणगावच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होता, आणि शिरूरला थोरल्या बहिणीच्या, गौतमीच्या खोलीवर राहायचा. गौतमी दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. एका सकाळी सम्राट शिफ्टला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. मोबाइल उशीखाली सापडला. नातेवाइकांकडं फोन झाले, पोलिसांत तक्रार झाली. "सज्ञान पोरगा हाय, राग उतरला की येईल," असं ज्यानंत्यानं सांगितलं.

पण राग कशाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चांगदेवांना मात्र वाटायचं की आपल्याला ठाऊक आहे. शेवटचा दौंडला आला होता तेव्हा ते त्याला म्हणाले होते, "मिशा फुटल्या तरी चित्रांची पुस्तकं वाचतोय. कवा माणसात येणार तू?" एवढंच. बाप पोराला याहून वाईट बोलतो. तरी तेच वाक्य आठवून चांगदेव भाकरी अर्धी टाकून उठायचे.

गौतमीनं आधी देवळं सोडून सगळं पालथं घातलं. देवळांवर तिचा विश्वास नव्हता, नाहीतर तीही पालथी घातली असती. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती शिरूरच्या स्टँडमागच्या सायबर कॅफेत शिरली. सम्राट कामावरून सुटला की तिथंच असायचा. कॅफे चालवणाऱ्या सीमावहिनीला ती नुसती तोंडओळखीनं माहीत होती.

"तो इथं काय बघायचा वहिनी? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही," गौतमीनं विचारलं.

सीमावहिनी कसंनुसं हसली. "तसलं काय न्हाई गं. ते जहाजाचं वाचायचा. जपानी. समुद्री चाच्यांची चित्रांतली गोष्ट. दर आठवड्याला नवा भाग येतो, त्यो आला की हा पहिल्या खुर्चीवर. आन् मग ऑर्कुटवर त्या पोरांशी भांडण."

तिनं कम्प्युटरवर ते पान उघडून दिलं. मराठी पोरांचीच कम्युनिटी होती. कुणी नाशिकचा, कुणी नागपूरचा, बरेचसे पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. सम्राटचं नाव त्यात जागोजागी होतं, पण तो गेला त्या दिवसापासून त्या नावानं एकही ओळ आली नव्हती. बाकीच्यांचं मात्र जोरात चाललं होतं. सगळे एकाच प्रश्नावर तुटून पडले होते: गेन्ता मेला का जिवंत आहे?

हा गेन्ता म्हणजे जहाजावरचा कंदीलवाला. गौतमीला ते एका बैठकीत कळलं नाही. पानं उजवीकडून डावीकडं वाचायची, हेच समजायला तिला एक सुट्टी गेली. पण ती येत राहिली, आणि वाचत राहिली. इसामु नावाच्या कप्तानाचं जहाज, त्यावर आठ-दहा चाचे, त्यातला नांगर सांभाळणारा तोबे, आणि सगळ्यात गरीब हा गेन्ता. धुक्यातून जाताना डोलकाठीवर कंदील धरून खडक दाखवायचे, हे त्याचं काम. अलीकडच्या भागात दुश्मनांची गलबतं मागं लागतात, धुकं दाटतं, कंदील विझतो आणि जहाज खडकाला घासतं. मग गेन्ता एक होडी सोडतो, कंदील पेटवून एकटाच उलट्या दिशेला जातो. दुश्मन त्याच्या उजेडामागं लागतात, जहाज सुटतं. शेवटच्या चित्रात लांबवरचा तो उजेडही मालवतो. त्यानंतर चार-पाच भाग झाले तरी लेखकानं गेन्ताचं नाव काढलं नव्हतं.

पोरांनी त्यावरून रान उठवलं होतं. एक म्हणायचा, प्रेत दाखवलं नाही म्हणजे मेला नाही, या गोष्टीत नियमच आहे. दुसरा म्हणायचा, शेवटच्या पानाच्या कडा काळ्या आहेत आणि काळ्या कडा म्हणजे झालेली गोष्ट, तेव्हा गेन्ता संपला. तिसऱ्याचं गणित असं की गेन्ता आता दुश्मनाचा कप्तान होऊन परत येणार. गौतमी हे वाचत बसायची. ही पोरं एका चित्रातल्या माणसासाठी इतकी तळमळत होती, आणि तिच्या भावाला मात्र एकानंही विचारलं नव्हतं, "कुठं आहेस रे?" मग तिच्या लक्षात आलं, त्यांना माहीतच नाही. त्यांच्या लेखी सम्राट फक्त नेटवर आला नव्हता.

दिवाळी होऊन गेली. आणि एका दुपारी त्या चर्चेत एक नवा माणूस लिहिताना दिसला. नावाच्या जागी नुसतं 'विझलेला' एवढंच. त्यानं लांबलचक लिहिलं होतं:

"तुम्ही सगळे चुकताय. गेन्ताने जहाज वाचवलं नाही. तो पळाला. कंदील त्याच्या हातात असताना विझला आणि जहाज घासलं तेव्हा नांगराच्या साखळीत तोबेचा हात गेला. ते चित्र एकदाच आहे, कोपऱ्यात, तुम्ही बघितलं नाही. गेन्ताने बघितलं. त्याला तोबेच्या तोंडाकडे बघता येईना म्हणून तो होडीत बसला. आता त्याच्यासाठी सगळं संपलं, चुलीतली राखसुद्धा गार झाली. जहाज त्याला शोधायला आलं तर तो पाण्यात उतरेल."

गौतमी शेवटच्या ओळींवर थांबली. चुलीतली राखसुद्धा गार झाली. एखादी गोष्ट पार संपली की हे असं फक्त रंभाबाई म्हणायची. दौंडच्या त्यांच्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या तोंडी गौतमीनं ते कधी ऐकलं नव्हतं.

तिनं लिहिलं, "सम्राट, तू आहेस का? ताई." आणि बसून राहिली. थोड्या वेळानं पान पुन्हा उघडलं तर 'विझलेला' गायब. नाव नाही, लिहिलेलं नाही, सगळं पुसलेलं.

त्या दिवशी खोलीवर जाताना तिला रस्ता दिसत नव्हता. आपण त्याला शोधून काढलं आणि आपणच हाकललं, हे एक. आणि 'पाण्यात उतरेल' हे दुसरं. आईला सांगावं तर ती उभी राहणार नाही. दादांना, म्हणजे बापाला सांगावं, तर ते रूळ सोडून आता नदीकाठ धरतील. तिनं कुणालाच सांगितलं नाही. कंपनीत खोकी बांधताना तिची पट्टी तिरकी जायला लागली, सुपरवायझरची बोलणी ती खाऊ लागली. पुढच्या आठवड्यात आशेनं कॅफेत गेली तर कम्युनिटीवर एकच ओळ: या आठवड्यात भाग नाही, लेखक सुट्टीवर. पोरंही पांगली होती. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. परदेशातला कोण कुठला लेखक, तो दमला म्हणून बसला, आणि इकडं ती एका ओळीसाठी अडून बसली होती. नवा भाग आला तरच तो बोलायला येणार, हे तिला आतून कळत होतं.

त्या रिकाम्या दिवसांत तिच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं, साखळीत गेलेला हात. तिनं ते पान शोधून काढलं. कोपऱ्यात खरंच होतं, बोटभर चौकट. बाकी कुणालाही न दिसलेलं ते यालाच का दिसलं? सम्राटच्या कंपनीत तिनं आधी विचारलं होतं तेव्हा 'कामावर येत नाही' एवढंच गेटवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच गेटसमोर, बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. त्याच्याबरोबर काम करणारा पप्पू म्हणून एकजण होता, तो बसमधून उतरताना तिनं गाठला.

"सम्राट गेला त्याच्या आधी कंपनीत काय झालं होतं का?"

पप्पूनं इकडंतिकडं बघितलं. "तुमाला म्हाईत न्हाई? तळेगावच्या संपतची बोटं गेली की. उजव्या हाताची, अंगठा सोडून सगळी. मशीनमधला साचा, ती डाय, सम्राटनं लावली व्हती. दोन दिस सम्राट कामावर आला, पर कुणाशी बोलला न्हाई. मग आलाच न्हाई."

ज्या एका वाक्यापायी बाप तीन महिने स्वतःला जाळत होता, ते कारणच नव्हतं. गौतमीला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

संपत तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर मळ्यात राहायचा. ती गेली तेव्हा तो बाजेवर बसला होता, हात पंच्यात गुंडाळलेला. त्याची आई कुशाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. गौतमीनं आपण कोण ते सांगितलं. कुशाबाईचे हात थांबले.

"आत्ता आलात व्हय?" म्हातारी म्हणाली. "पोरगं दवाखान्यात सारखं दाराकडं बघायचं. तुमचा भाऊ येईल म्हणून."

"तो घरातनं गेलाय मावशी. कुठं आहे ते माहीत नाही."

संपत बाजेवर सरकून बसला. मग म्हणाला, "हात आत गेला की मशीन थांबवायचा सेन्सर असतो, त्यो सारखा मशीन बंद पाडत व्हता. त्या दिवशी सकाळीच साहेबानं तो काढायला लावला, माल निघंना म्हणून. सम्राट दोनदा म्हणला, असं चालवू नका. त्याचं कोण ऐकतंय? डाय बरोबर लावली व्हती. मशीन मीच चालवत व्हतो."

"मग तुमचा राग नाही त्याच्यावर?"

"हाय की." त्यानं पंचा नीट केला. "मशीनचा न्हाई. तो आला न्हाई, त्याचा हाय. एका डब्यात जेवायचो आम्ही."

लेखक कामावर परतला आणि नवा भाग आला. त्यात जहाजावरचे लोक गेन्ताच्या रिकाम्या जागी दुसरा कंदील टांगतात, एवढंच होतं. कम्युनिटी पेटली. आणि त्या गर्दीत 'विझलेला' परत आला. दोनच ओळी: "बघा. जागा भरली. आता त्याची गरज नाही."

गौतमीनं या वेळी भावाला हाक मारली नाही. ती इतर पोरांसारखीच, वेगळ्या नावानं लिहायला बसली. सीमावहिनी शेजारी उभी राहून इंग्रजी अक्षरं दाखवत होती. तिनं लिहिलं की कंदील गेन्तामुळं विझला हेच मुळात खोटं आहे. त्या दिवशी सकाळीच तेल कमी घालायला लावलं होतं, वरच्यांनी. गेन्तानं दोनदा सांगितलं होतं. तोबेला हे ठाऊक आहे. तोबेचा राग आहे, पण तो कंदिलावर नाही, गेन्ता त्याला भेटायला आला नाही यावर आहे.

पोरं तिच्यावर तुटून पडली. कुठल्या भागात आहे हे? पान दाखव. मनानं काहीही लिहू नको. एकानं तिला कम्युनिटीतून काढायची मागणी केली. 'विझलेला' काहीच बोलला नाही. आणि या खेपेला गायबही झाला नाही.

ती रोज काम सुटलं की यायची. पान उघडायची, काही नसायचं, जायची. आठवडा तसाच गेला. मग तिनं जे करायचं नव्हतं ते केलं. तळेगावला जाऊन संपतला म्हणाली, "माझ्याबरोबर शिरूरला चला. पाया पडते."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं नाही. तुमचं तुम्ही लिहा."

संपत आला. कॅफेतली पोरं त्याच्या हाताकडं बघत होती, तो बघू देत होता. गौतमीनं त्याला गेन्ता कोण, तोबे कोण, थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी त्यो मला चाचा करून बसलाय." आणि डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, घामाघूम होत त्यानं टाइप केलं: "मी तोबे. हात दुखतो. बोटं नाहीत पण दुखतात. डब्यातला तुझा वाटा कुणी खात नाही."

खाली एकानं हसण्याची खूण टाकली. दुसऱ्यानं विचारलं, हा कोण नवीन येडा? आणि मग, संपत अजून खुर्चीतच होता तेव्हा, 'विझलेला'कडून ओळ आली.

"संपत?"

संपतनं लिहिलं, "व्हय."

गौतमीनं खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की सीमावहिनीनं तिची बोटं सोडवली. मग आलं: "मला येता येत नाही. स्टेशनवर जातो आणि परत येतो." आणि त्याखाली, कदाचित ठरवून, कदाचित हातून निसटून, एक शब्द: "शहाबाद."

सोलापूरच्या पुढं, कर्नाटकात, फरशीच्या खाणींचं गाव. गौतमी त्याच संध्याकाळी चौफुल्याला गाडी बदलून दौंडला गेली आणि बापाला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर चांगदेव म्हणाले, "म्हंजी माझ्यामुळं न्हाई गेला?"

"नाही दादा."

ते उठून मोरीत गेले आणि तिथं नळ सोडून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बापलेक शहाबादला उतरले. फरशीला पॉलिश करणारे कारखाने तिथं ओळीनं होते. एकात नाही, दुसऱ्यात नाही. मुकादम हिंदीत म्हणायचे, "मराठी लड़के आते-जाते रहते हैं, किस-किस को याद रखें." दुपार टळली. एका कारखान्यात कळलं की असा एक पोरगा होता, पण चार दिवस कामावर नाही. गौतमी दारातच थांबली. आपण परत उशीर केला, असं तिच्या मनात आलं, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की आता चादर उचलायची पाळी आपली. चांगदेव मात्र थांबले नाहीत. ते सवयीनं रुळांकडं चालायला लागले.

सम्राट स्टेशनच्या टोकाला, प्लॅटफॉर्म उतरतो तिथं, सिमेंटच्या बाकावर बसलेला होता. केसांत, भुवयांत फरशीची पांढरी भुकटी. इतका वाळला होता की बाप आधी पुढं निघून गेला, मग मागं आला. चांगदेवांनी त्याच्या दंडाला धरलं आणि सोडलंच नाही. कुणी रडलं नाही. गाडी आली तेव्हा सम्राट म्हणाला, "घरी नको, दादा."

"मग कुठं?"

"आधी संपतकडं."

तळेगावात ते पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. संपत बाजेवरून उठला नाही. सम्राट समोर उभा राहिला. कुशाबाईनं दोघांकडं बघून सगळ्यांची ताटं वाढली. "आधी जेवा. बोलायचं ते मग बोला."

संपत डाव्या हातानं जेवायचा. गावच्या पंगतीला तो आता बसत नसे. उजव्या हाताचा उरलेला भाग भाकरीवर दाबून धरायचा आणि डाव्यानं तुकडा ओढायचा. भाकरी सरकत होती. सम्राटनं ते एकदा बघितलं, आणि ताटावरून उठून बाहेर गेला. रस्त्यावर प्रवासी घेणारी जीप थांबल्याचा आवाज आला. गौतमी अनवाणी धावत बाहेर आली. जीप पुढं गेली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तो घराच्या मागं होता, गुरांच्या पाण्याच्या हौदापाशी. उलटी झाली होती. तोंडावर पाणी मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता. ती जवळ गेली नाही. तिथंच उभी राहिली, वाटेत.

"ताई," तो म्हणाला, "मला वाटलं व्हतं तो मला मारंल."

"मारेलही. आत चल."

तो आत आला. स्वतःच्या ताटाकडं न जाता संपतच्या शेजारी बसला, त्याच्या ताटातली भाकरी घेतली आणि मोडायला लागला. संपतनं हरकत घेतली नाही. नुसतं म्हणाला, "आणखी बारीक कर."

सम्राट पुन्हा प्रेसवर गेला नाही. संपतबरोबर भाजीचा टेम्पो चालवायला लागला. सेन्सर कुणी काढायला लावला होता, याची जबानी द्यायला मात्र कामगार अधिकाऱ्याकडं तो जाऊन आला. रात्री दचकून उठणं बरेच दिवस चालू राहिलं. चांगदेवांनी गँगमधल्या माणसांना सांगून ठेवलं, आता मला बोलवत जाऊ नका. तरी पहिले काही महिने बातमी आली की ते उभे राहायचे, आणि मग आठवण झाल्यासारखे खाली बसायचे.